सूर्याचे चुंबकत्व आणि आपल्या वेधशाळा

सूर्याइतकी नित्य परिचयाची आणि तरीही इतकी अपरिचित अशी दुसरी वस्तू मनुष्याच्या दृष्टीपुढे नाही. त्याचे उदयास्त आपल्या ज्योतिष्यांनी पळाविपळांपर्यंत मोजले, त्याच्या संक्रमणांवर सणवार बसविले, त्याची ग्रहणे आगाऊ वर्तविली. परंतु तो कशाचा घडला आहे आणि त्याच्या अंगी कोणत्या शक्ती खेळतात, हे विचारण्याचे साधन एकोणिसाव्या शतकापर्यंत कोणापाशीच नव्हते. त्यातही सूर्याच्या ठायी लोहचुंबकासारखी शक्ती आहे काय, आणि असल्यास ती किती, हा प्रश्न तर कोणालाही वेडगळच वाटावा असा. चुंबक तापविला की त्याचे चुंबकत्व नाहीसे होते, हे शाळेतील मूलही जाणते. मग ज्याच्या पृष्ठभागावरच साडेपाच हजार अंश उष्णता आहे, त्या गोलाच्या ठायी चुंबकत्व यावयाचे कोठून? आणि ते असलेच, तरी नऊ कोटी तीस लक्ष मैलांवरून मोजावयाचे कसे?

या प्रश्नाचे उत्तर दोन वाटांनी आले. एक वाट पृथ्वीवर टांगलेल्या चुंबकसूचीची, दुसरी सूर्यप्रकाशाच्या वर्णपटाची. या दोन्ही वाटांचा बराच भाग आपल्या महाराष्ट्रातून गेला आहे. या शोधाचा वृत्तान्त आपण सहसा युरोप-अमेरिकेतील शास्त्रज्ञांच्या नावांनीच वाचतो, आणि मुख्य शोध त्यांचेच असल्याने त्यात वावगे काही नाही. परंतु कुलाबा, अलिबाग, पुणे, जेऊर आणि तळणी या आपल्या ओळखीच्या गावांचा त्यात काय वाटा होता, हे पाहिल्यास शास्त्राची परंपरा कशाने टिकते आणि कशाने तुटते, याविषयी पुष्कळ शिकण्यासारखे आहे.

मुंबईस कुलाब्याच्या टोकावर ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली वेधशाळा स्थापिली, ती ताऱ्यांचे वेध घेऊन गलबतांना अचूक वेळ सांगण्यासाठी. पुढे १८४१ पासून तेथे पृथ्वीच्या चुंबकत्वाचे वेध सुरू झाले. एल्फिन्स्टन विद्यालयातील प्रो. ऑर्लिबार यांच्याकडे हे काम होते, आणि त्यांच्या हाताखाली ऐन पंधराव्या वर्षी जो मराठी मुलगा साहाय्यक म्हणून आला, तो म्हणजे केरो लक्ष्मण छत्रे. अलिबागेजवळील नागावी १८२५ साली जन्मलेले हे केरूनाना पुढे पुण्यास गणिताचे अध्यापक झाले, आणि टिळकांसारख्या शिष्याने त्यांना गुरुस्थानी मानले, हे सर्वश्रुत आहे. त्यांच्या ज्ञानाचा पाया मात्र कुलाब्याच्या त्या सुमारे दहा वर्षांच्या कंटाळवाण्या वाटणाऱ्या कामात घातला गेला होता. सूर्यावरील डाग आणि पृथ्वीवरील हवामान यांच्या संबंधाचा विषय त्यांनी पुढे अभ्यासास घेतला, यात नवल नाही.

ते काम कसे चाले हे थोडक्यात सांगितले पाहिजे. डब्लिन येथील ग्रब यांच्या कारखान्यात घडलेल्या उपकरणात चुंबकाचा एक दांडा आडवा टांगलेला असे. पृथ्वीच्या चुंबकीय जोरात किंचित फरक पडला की तो दांडा केसभर वळे, आणि लहानशा दुर्बिणीतून मोजपट्टीवर पाहून तो फरक वहीत टिपावयाचा. हे तासातासाला, रात्रंदिवस, पाऊस असो वा थंडी. सूची अस्वस्थ दिसली तर तासाची वाट न पाहता काही मिनिटांच्या अंतराने वेध घ्यावयाचे. प्रकाशलेखनाने आपोआप नोंद करणारी यंत्रे कुलाब्यास १८७२ च्या सुमारास आली. तोपर्यंतचे सारे आकडे मनुष्याच्या डोळ्यांनी वाचलेले आणि हातांनी लिहिलेले आहेत.

या सूचीचा सूर्याशी काही संबंध असेल, अशी शंका त्या काळी नुकतीच येऊ लागली होती. जर्मनीत श्वाबे याने सूर्यावरील डाग सुमारे दहा वर्षांच्या फेऱ्याने वाढतात व घटतात असे १८४३ साली प्रसिद्ध केले, आणि १८५२ साली सॅबाइन याने पृथ्वीवरील चुंबकीय क्षोभही त्याच फेऱ्याने वाढतात-घटतात हे दाखविले. मग १ सप्टेंबर १८५९ चा दिवस उगवला. इंग्लंडात रिचर्ड कॅरिंग्टन आपल्या वेधशाळेत डागांची चित्रे काढीत असता एका मोठ्या डागसमूहावर दोन पांढरेशुभ्र ठिपके लखलखले आणि पाच मिनिटांत विझून गेले. हॉजसन नामक दुसऱ्या निरीक्षकानेही तेच पाहिले. त्यानंतर साडेसतरा तासांच्या सुमारास पृथ्वीवर असे चुंबकीय वादळ झाले की, तारायंत्रे बंद पडली आणि ध्रुवप्रदेशीचा प्रकाश उष्ण कटिबंधापर्यंत दिसला. उत्तरेकडील कित्येक वेधशाळांतील सूची मोजपट्टीच्या बाहेर गेली. कुलाब्यास मात्र २ सप्टेंबरच्या सकाळी वेध घेणाऱ्याने आपले काम सोडले नाही. क्षितिजसमांतर जोर एकाएकी सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी, जुन्या मापाने ०.०१६ गौसने, उतरला आणि मग हळूहळू सावरला, ही नोंद त्याने करून ठेवली. मुंबईच्या एकंदर जोराच्या हा सुमारे चार टक्के भाग होय.

एवढे होऊनही सूर्याच्या चुंबकत्वाची गोष्ट सर्वमान्य झाली नाही. लॉर्ड केल्व्हिनसारख्या प्रकांड पंडिताने १८९२ साली रॉयल सोसायटीपुढे गणित मांडून दाखविले की, पृथ्वीवर अशी वादळे उठविण्यासाठी सूर्य जर स्वतः चुंबकाप्रमाणे प्रभाव टाकीत असेल, तर आठ तासांच्या एका मध्यम वादळासाठी त्याला चार महिन्यांच्या उष्णता-प्रकाशाइतकी शक्ती खर्चावी लागेल. सबब हा संबंध केवळ योगायोगाचा समजावा. गणित चूक नव्हते. सूर्य वादळ पाठवितो ते दशदिशांना चुंबकीय लाटा पसरवून नव्हे, तर भारित कणांचे लोट एका बाजूला फेकून, ही कल्पना त्या वेळी कोणास नव्हती, एवढेच. थोर पुरुषाचे गणित आणि अनामिक वेधकाची नोंद यांचा विरोध आला असता नोंदच अखेरीस खरी ठरली.

हिंदुस्थानात सूर्याकडे लक्ष वेधले जाण्यास दुसरेही एक कारण घडले, आणि ते आम्हां मराठवाड्यातील लोकांस चटकन समजण्यासारखे आहे. प्रस्तुत लेखक राहतो त्या करमाडच्या आसपास, औरंगाबादेपासून (आता छत्रपती संभाजीनगर) जालन्यापर्यंतच्या कोरडवाहू पट्ट्यात, मृग कोरडा गेला की घरोघर आभाळाकडे पाहणे सुरू होते. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळाने दख्खन व मद्रास इलाखा उद्ध्वस्त केला, तेव्हा पावसाची लहर सूर्यावरील डागांच्या फेऱ्यात तर दडलेली नसेल, असा विचार सरकारदरबारीही बळावला. देहराडून येथे सूर्याची छायाचित्रे नित्य घेतली जाऊ लागली, आणि पुढे १८९९ साली पळणीच्या डोंगरांत कोडईकनाल येथे सौर वेधशाळा उभी राहिली. डागांवरून पाऊस भरवशाने सांगता येईल ही आशा काही फळास आली नाही. परंतु पावसासाठी सुरू झालेल्या या कामातूनच सूर्याच्या शास्त्राला एक मोठा शोध मिळाला, तो पुढे सांगतो.

तत्पूर्वी पुण्याकडे वळू. कावसजी दादाभाई नेगामवाला हे पारशी पदार्थविज्ञानवेत्ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये अध्यापक होते. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी पाच हजार रुपये दिले, मुंबई सरकारने तितकीच भर घातली, आणि १८८८ साली कॉलेजात त्या महाराजांच्या नावाची वेधशाळा उघडली. वर्णपटाच्या साहाय्याने आकाशस्थ ज्योतींचा अभ्यास करण्यासाठी ती योजिलेली होती. पुढे तेथे बसलेली वीस इंची परावर्तक दुर्बीण त्या काळी हिंदुस्थानातील सर्वांत मोठी होय. ती घडविणारा कारखानाही डब्लिनच्या ग्रब यांचाच, ज्यांची चुंबकयंत्रे कुलाब्यास होती.

२२ जानेवारी १८९८ चे खग्रास सूर्यग्रहण म्हणजे महाराष्ट्राच्या भूमीवरील एक शास्त्रीय मेळाच होता. छायेचा पट्टा कोकणकिनाऱ्यापासून सोलापूर जिल्ह्यावरून वऱ्हाडाकडे गेला. नेगामवालांनी आपला तळ रेल्वेवरील जेऊर येथे ठोकला. अमेरिकेतील लिक वेधशाळेचे कॅम्बेल हेही तेथेच आले. सर नॉर्मन लॉक्यर विजयदुर्गास उतरले. त्या किल्ल्यावरून १८६८ साली लॉक्यर यांनी हेलियमचा शोध लावला, अशी एक कथा आपल्याकडे भक्तिभावाने सांगितली जाते. ती खरी नव्हे. १८६८ साली लॉक्यर इंग्लंडातच होते व तेथूनच त्यांनी ती पिवळी रेषा पाहिली. विजयदुर्गास ते आले ते तीस वर्षांनी. स्थानाभिमान चांगला, परंतु त्यासाठी इतिहास वाकविण्याचे कारण नाही, कारण खरा इतिहासही पुरेसा मोठा आहे.

वऱ्हाडात तळणी येथे ब्रिटिश हौशी ज्योतिषांची मंडळी उतरली होती. त्यांत ई. वॉल्टर माउंडर व त्यांच्या पत्नी ॲनी माउंडर होत्या. ॲनीबाईंनी तेथे सूर्याच्या किरीटाचे, म्हणजे ग्रहणात दिसणाऱ्या त्या रुपेरी प्रभेचे, लांबवर गेलेले किरणपट्टे छायाचित्रात पकडले. चुंबकीय वादळे सूर्याच्या स्वतःभोवतीच्या फेऱ्याप्रमाणे सुमारे सत्तावीस दिवसांनी पुन्हा उद्भवतात, हे वॉल्टर माउंडर यांनी पुढे १९०४ साली दाखवून दिले. त्यामुळे केल्व्हिन यांच्या योगायोगाचा मुद्दा निकालात निघाला. त्याच मंडळीत जॉन एव्हरशेड नावाचे एक हौशी वर्णपटज्ञ होते. सुमारे दोन मिनिटांच्या त्या अंधारात त्यांनी सूर्याच्या कडेचा क्षणिक चमकणारा वर्णपट उत्तम प्रकारे टिपला. हेच एव्हरशेड नऊ वर्षांनी, १९०७ साली, कोडईकनालास नोकरीवर आले.

आता दुसरी वाट, प्रकाशाची. सूर्यप्रकाश लोलकातून पसरविला असता त्यात असंख्य काळ्या रेषा दिसतात, आणि प्रत्येक रेषा कोणत्या ना कोणत्या मूलद्रव्याची साक्ष असते. १८९६ साली हॉलंडात पीटर झेमान याने सोडियमची ज्योत प्रबळ विद्युच्चुंबकाच्या दोन टोकांमध्ये धरली, तेव्हा तिच्या रेषा रुंदावल्या. पुढे बारकाईने पाहता त्या फुटून वेगळ्या झालेल्या आढळल्या. फुटलेल्या तुकड्यांतील अंतर चुंबकाच्या जोराच्या प्रमाणात असते, आणि त्या तुकड्यांच्या प्रकाशाला विशिष्ट ध्रुवण आलेले असते. म्हणजे प्रकाशाचा कण जेथून निघाला तेथील चुंबकत्वाची मोहोर तो आपल्याबरोबर घेऊन येतो. सोन्याचा कस पाहण्यास सोनाराला खाणीत उतरावे लागत नाही. कसोटीच्या दगडावरील रेघ त्याला पुरते. तसाच हा प्रकार होय.

अमेरिकेत माउंट विल्सनवर जॉर्ज एलरी हेल यांनी १९०८ साली हीच कसोटी सूर्याच्या डागांस लावली. डागांभोवतीची वायूची रचना भोवऱ्यासारखी दिसते, तेथे विद्युद्भार फिरत असेल तर चुंबकत्वही असले पाहिजे, असा त्यांचा तर्क होता. डागाच्या वर्णपटातील रेषा दुहेरी दिसल्या, आणि ध्रुवण तपासणारा लोलक फिरविताच कधी एक तुकडा तर कधी दुसरा तुकडा नाहीसा होऊ लागला. शंका राहिली नाही. पृथ्वीचे चुंबकत्व पाव ते पाऊण गौसच्या आसपास असते. डागांत ते तीन हजार गौसांच्या घरात भरले. फरक किती सूक्ष्म, याची कल्पना यावी म्हणून सांगतो की, तीन हजार गौस असतानाही तांबड्या रंगातील लोखंडाच्या अनुकूल रेषेचे सरकणे तिच्या लहरीच्या लांबीच्या सुमारे पंचेचाळीस हजाराव्या भागाइतकेच असते.

हेल यांचा शोध खरा ठरला, परंतु भोवऱ्याचा तर्क मात्र टिकला नाही, आणि तो कोडईकनालास मोडला. डागात भोवरा असेल तर वायूची गती वर्तुळाकार दिसावी, म्हणून एव्हरशेड यांनी जानेवारी १९०९ मध्ये डागांच्या कडेवरील रेषा तपासल्या. त्यांना आढळले ते वेगळेच. वायू गोल फिरत नव्हता. तो डागाच्या मध्यापासून बाहेरच्या दिशेने, सेकंदाला सुमारे दोन किलोमीटर वेगाने, सरळ वाहत होता. या आविष्काराला आज जगभर एव्हरशेड यांचेच नाव आहे. हा प्रवाह जवळजवळ आडव्या पसरलेल्या चुंबकरेषांच्या आश्रयाने चालतो, हे पुढे समजले. डाग काळा दिसतो त्याचेही कारण चुंबकत्वच: खालून उष्णता घेऊन येणाऱ्या वायूच्या उकळीस ते अडवून धरते, म्हणून तेवढा भाग निवलेला राहतो.

इकडे महाराष्ट्रात याच सुमारास दोन घटना घडल्या, आणि त्या एकमेकींशेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार हे ठरले, तेव्हा त्यांच्या प्रवाहाने कुलाब्याची सूची बिघडणार हे उघड होते. वेधशाळेचे पहिले हिंदी संचालक नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस यांनी अलिबागेस, लोहाचा अंश नसलेल्या दगडाची, नवी चुंबकीय वेधशाळा उभारविली. एवढ्यावर ते थांबले नाहीत. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वेध चालू ठेवून त्यांनी जुन्या आकड्यांची नव्या आकड्यांशी सांधेजोड केली, म्हणजे जागा बदलली तरी मालिका तुटू नये. १९०७ साली ट्राम सुरू झाली, तोवर केरूनानांच्या जन्मगावाशेजारी सूची निर्धास्त टांगलेली होती. मूस यांनी १८४६ पासून १९०५ पर्यंतचे सारे वेध १९१० साली ग्रंथरूपाने छापूनही टाकले.

पुण्याची कथा याच्या उलट. १९१२ साली नेगामवाला सेवानिवृत्त झाले आणि त्यांच्यामागे वेधशाळाच बंद करण्यात आली. वीस इंची दुर्बीण व इतर साहित्य कोडईकनालास रवाना झाले. उपकरणे वाया गेली नाहीत आणि कोडईचे आकाशही पुण्याहून सरस, हे खरेच. पण कॉलेजातील विद्यार्थ्याला रात्री उठून ताऱ्याचा वर्णपट स्वतः पाहता येईल अशी जी सोय चोवीस वर्षे होती, ती गेली. नेगामवालांची योग्यता मूस यांच्याहून कमी होती असे कोणी म्हणणार नाही. भेद होता तो एवढाच की, कुलाब्यास काम पदाकडे सोपविलेले होते, पुण्यास ते एका व्यक्तीच्या उत्साहावर उभे होते. आपल्याकडील किती वाचनालये, किती व्याख्यानमाला आणि किती मासिके याच कारणाने एका पिढीत मावळली, हे वाचकांनीच आठवून पाहावे.

डागांचे चुंबकत्व मोजले गेले, परंतु सूर्याच्या वातावरणाचा प्रश्न उरलाच. दीप्तिगोलाच्या वर वर्णगोल, आणि त्याच्याही वर लक्षावधी मैल पसरलेला किरीट. सौर वादळे जन्मतात ती या वरच्या थरांत, आणि मोजणे कठीण तेही येथेच. १९३९ ते १९४२ च्या सुमारास ग्रोट्रियन व एडलेन यांनी सिद्ध केले की, किरीटातील गूढ रेषा पुष्कळ विद्युत्कण गमावलेल्या लोखंडाच्या आहेत. म्हणजे तेथील उष्णता दहा लक्ष अंशांच्या वर. इतक्या उष्णतेत कणांच्या धावपळीने रेषा फुगून रुंद होते, आणि चुंबकत्व तर अवघे काही गौस. त्यामुळे रेषेचे फुटणे तिच्या रुंदीच्या हजाराव्या भागाहूनही कमी भरते. शिवाय किरीटाचा प्रकाश इतका मंद की, दीप्तिगोलाच्या झगमगाटात तो ग्रहणावाचून दिसतही नाही. भर बाजारात ढोलताशे वाजत असता पलीकडच्या माणसाची कुजबुज ऐकावी, तशातली ही गोष्ट.

यावर निरनिराळ्या युक्त्या निघाल्या. एक युक्ती रेडिओलहरींची: चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेणारे विद्युत्कण ज्या लहरी सोडतात, त्यांच्या ध्रुवणावरून क्षेत्राचा अंदाज करता येतो. सूर्याचे रेडिओवेध घेण्याचा आपल्याकडील एक महत्त्वाचा प्रयत्नही मुंबईजवळचाच. गोविंद स्वरूप यांनी १९६५ साली कल्याण येथे बत्तीस लहान तबकड्यांची मालिका मांडून सूर्याच्या किरीटाचा अभ्यास सुरू केला, आणि त्याच परंपरेत पुढे नारायणगावाजवळ खोडद येथे तीस प्रचंड तबकड्यांची दुर्बीण उभी राहिली. दुसरी युक्ती अवरक्त प्रकाशाची, कारण लहरीची लांबी वाढते तसे रेषेचे फुटणे अधिक स्पष्ट होते. या मार्गाने २००० साली लिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी किरीटातील लोखंडाच्या रेषेवरून दहा व तेहतीस गौस अशी मापे मिळविली. तिसरी युक्ती २०२० साली सबंध किरीटाला लावून दाखविण्यात आली. तंबोऱ्याची तार किती ताणली आहे हे तिच्या नादावरून कळते. तसे किरीटातून धावणाऱ्या लहरींच्या वेगावरून आणि वायूच्या घनतेवरून चुंबकरेषांचा ताण काढावयाचा. उत्तर आले एक ते चार गौस. एप्रिल २०२१ मध्ये तर पार्कर नावाचे अमेरिकन यान प्रत्यक्ष किरीटात शिरून तेथील चुंबकत्व मोजून आले. इतके होऊनही किरीट पृष्ठभागाहून शेकडो पटींनी तप्त का, याचा पूर्ण उलगडा झालेला नाही. चुंबकत्वच उष्णता वर पोहोचविते, याविषयी मात्र बहुतेकांचे एकमत आहे.

या कार्यात भारताने २ सप्टेंबर २०२३ रोजी सोडलेले ‘आदित्य-एल१’ हे यान ६ जानेवारी २०२४ रोजी पृथ्वीपासून पंधरा लक्ष किलोमीटरांवरील आपल्या कक्षेत स्थिरावले. त्यावरील किरीटदर्शक यंत्र घडविले ते बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेने. ही संस्था कोडईकनाल वेधशाळेचीच वारस, म्हणजे पुण्याची दुर्बीण ज्या घरी गेली त्या घरची. किरीटाच्या चुंबकत्वाचे मापन हा त्या यंत्राच्या उद्दिष्टांपैकी एक आहे. त्याच यानावर दीप्तिगोलाची व वर्णगोलाची अतिनील चित्रे घेणारी दुर्बीण आहे, ती पुण्याच्या ‘आयुका’ने सिद्ध केली. जयंत नारळीकर यांच्या नेतृत्वाखाली ‘आयुका’ १९८८ साली स्थापन झाली, नेगामवालांच्या वेधशाळेनंतर बरोबर शंभर वर्षांनी. तुटलेला धागा पुन्हा जोडला गेला याचा आनंद आहेच. पण मध्ये पाऊणशे वर्षांहून अधिक काळ गेला, ही त्या तुटण्याची किंमत होय.

आणि कुलाब्याची ती वही? २००३ साली त्सुरुतानी, गोन्झालेझ, लाखिना व ॲलेक्स या संशोधकांनी १८५९ च्या त्या नोंदी पुन्हा बाहेर काढल्या. यांपैकी शेवटचे दोघे मुंबईच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेतले, आणि ही संस्था कुलाब्याच्या वेधशाळेचीच वारस. त्या अपूर्व वादळाचा उतार मोजपट्टीत राहून लिहिलेला असा आधार अन्यत्र दुर्मिळ असल्याने, सौर वादळ किती भयंकर होऊ शकते हे सांगण्यास आज जगभर कुलाब्याच्या आकड्याचा दाखला दिला जातो. त्या आकड्यातील किती भाग कोणत्या विद्युत्प्रवाहाचा, यावर पंडितांत वाद आहे; नोंदीच्या खरेपणावर मात्र नाही. मे २०२४ मध्ये दोन दशकांतील सर्वांत मोठे वादळ आले व लडाखात हानले येथून आकाश तांबडे दिसले, तेव्हाही तुलना झाली ती १८५९ शीच. आता तर तारायंत्राच्या जागी वीजवाहिन्या आणि कृत्रिम उपग्रह आहेत. तसे वादळ पुन्हा आल्यास नुकसान किती होईल, याचा हिशेब याच आकड्यापासून सुरू होतो.

२ सप्टेंबर १८५९ च्या सकाळी दुर्बिणीला डोळा लावून बसलेल्या त्या मनुष्याला सूर्याच्या चुंबकत्वाची वार्ताही नव्हती. झेमान त्या वेळी जन्मलेला नव्हता, आणि केल्व्हिनचा नकार तेहतीस वर्षे दूर होता. आपण टिपतो आहो त्याचा अर्थ काय, हे त्याला कोणी सांगू शकले नसते. दिसले ते, दिसले त्या वेळी, फेरफार न करता लिहावयाचे, एवढा नेम त्याने पाळला. अर्थ लावणारे पुढे जन्मतातच. त्यांच्यासाठी नोंद शिल्लक ठेवणे, आणि ती ठेवणारी व्यवस्था एका माणसाच्या निवृत्तीने न कोसळेल अशी उभारणे, हे प्रत्येक पिढीचे काम आहे. सूर्याच्या चुंबकत्वाच्या इतिहासात आपल्या वेधशाळांनी जे कमावले ते या नेमाने, आणि जे गमावले ते या व्यवस्थेच्या अभावी.